फ्रंटियर बाजारांतील गुंतवणूक

विकसित बाजारांच्या खालोखाल येणाऱ्या उदयोन्मुख बाजारांच्याही एक पायरी खाली असलेल्या, आकाराने लहान, कमी उलाढालीच्या व परकीयांना पुरते खुले नसलेल्या शेअर बाजारांत बाहेरच्या गुंतवणूकदारांनी पैसा लावणे. एमएससीआय या निर्देशांक संस्थेच्या यादीत व्हिएतनाम, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान, केनिया, मोरोक्को, रोमानिया, कझाकस्तान, ओमान इत्यादी बाजार या वर्गात मोडतात. मराठीत ‘सीमांत बाजार’ असा प्रतिशब्द अधूनमधून दिसतो. परंतु सीमांत उपयोगिता, सीमांत खर्च यांमुळे अर्थशास्त्रात त्या शब्दाचा अर्थ वेगळा ठरून गेला आहे. ‘सीमावर्ती’ म्हटले की दोन देशांच्या हद्दीचा भास होतो. म्हणून येथे ‘फ्रंटियर’ हाच शब्द ठेवला आहे.

संज्ञेचा उगम : जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त निगमात काम करणारे आंत्वान व्हान आख्टमाल यांनी १९८१ च्या सुमारास ‘उदयोन्मुख बाजार’ ही संज्ञा रूढ केली. ‘तिसऱ्या जगाचा समभाग निधी’ अशा नावाने मांडलेली त्यांची योजना ऐकून, कल्पना चांगली असली तरी या नावाने ती खपणार नाही असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यातून नवा शब्द सुचला, अशी हकीकत आहे. ‘फ्रंटियर’ हा शब्द त्याच निगमातील फरीदा खंबाटा यांचा मानला जातो. वर्ष बहुधा १९९२ दिले जाते. निगमाची आकडेवारी ज्या लहान बाजारांपर्यंत नुकतीच पोचू लागली होती, त्यांना उद्देशून तो वापरला गेला. गुंतवणुकीच्या व्यवहारात मात्र तो २००७ नंतरच स्थिरावला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. एमएससीआयचा फ्रंटियर निर्देशांक त्या वर्षाच्या डिसेंबरात सुरू झाला.

नावावरून हे बाजार नवे वाटतात. वस्तुस्थिती तशी नाही. रोमानियातील बुखारेस्टचा शेअर बाजार १८८२ मध्ये उघडला, साम्यवादी राजवटीत बंद पडला आणि १९९५ मध्ये पुन्हा सुरू झाला. कोलंबोतील दलालांची संघटना १८९६ मधली, कासाब्लांकाचा बाजार १९२९ चा, नैरोबीचा १९५४ चा. विल्यम गेट्झमन व फिलिप जोरियन या वित्त-अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेला युक्तिवाद येथे महत्त्वाचा आहे. त्यांच्या मते आज ‘उदय पावणारे’ म्हणवले जाणारे बरेच बाजार पूर्वी अस्तित्वात होते, बुडाले आणि पुन्हा वर आले. आपण आकडे मोजायला लागतो ते बाजार वर आल्यानंतर. त्यामुळे बुडण्याचा काळ हिशेबातून गळतो आणि सरासरी परतावा फुगलेला दिसतो. हा आक्षेप फ्रंटियर निर्देशांकालाही लागू पडतो. एमएससीआयच्या निर्देशांकाची मालिका २००२ पासून दाखवली जाते, पण निर्देशांक जन्मला २००७ अखेरीस. म्हणजे तेजीची पहिली पाचएक वर्षे मागाहून मांडलेली आहेत. त्या काळात हा निर्देशांक पाहून कोणी पैसा लावलेला नव्हता. गुंतवणुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे आलेख या वर्षांपासून सुरू होत असतील, तर ही गोष्ट वाचकाने अवश्य लक्षात ठेवावी.

वर्गीकरण : फ्रंटियर म्हणजे गरीब देशांचे बाजार, ही समजूत चुकीची आहे. एमएससीआयच्या पद्धतीत दरडोई उत्पन्नाची अट केवळ विकसित वर्गासाठी आहे. फ्रंटियर आणि उदयोन्मुख यांतला फरक ठरतो तो कंपन्यांचा आकार, समभागांची तरलता (ते सहज घेता-विकता येणे) आणि परकीयांना मिळणारा प्रवेश यांवर. तरलतेसाठी वार्षिक उलाढालीचे, खुल्या खरेदी-विक्रीस उपलब्ध असलेल्या समभागांच्या बाजारमूल्याशी असलेले प्रमाण पाहतात : फ्रंटियरला २.५ टक्के पुरते, उदयोन्मुखला १५ टक्के आणि विकसितला २० टक्के लागतात. म्हणूनच आइसलँड, स्लोव्हेनिया, बहरीन हे सधन देश या यादीत बांगलादेशाच्या शेजारी बसतात. एफटीएसई रसेल या दुसऱ्या संस्थेची मोजपट्टी वेगळी असल्याने रोमानिया व आइसलँड तिच्याकडे फ्रंटियरमध्ये नाहीत, उदयोन्मुख वर्गात आहेत.

‘प्रवेश’ हा शब्द वरवर साधा दिसतो. व्हिएतनाममध्ये बँकांच्या समभागांत परकीयांचा एकूण वाटा सामान्यतः ३० टक्क्यांवर थांबतो. तो भरला की परदेशी फंडाला तो समभाग दुसऱ्या परदेशी धारकाकडूनच घ्यावा लागतो, आणि बाजारभावावर जादा रक्कम मोजावी लागते. पडद्यावर दिसणारा भाव त्याच्यासाठी खरा भाव नसतोच. त्यात नोव्हेंबर २०२४ पर्यंत परदेशी संस्थांना खरेदीची मागणी नोंदवण्याआधीच पूर्ण रक्कम खात्यात ठेवावी लागे. पैसा अडकून पडे आणि सौदा होईलच याची खात्री नसे.

वाढीचा युक्तिवाद : गुंतवणुकीच्या बाजूचे पहिले म्हणणे सर्वांना परिचित आहे : तरुण लोकसंख्या, शहरीकरण, बँक खात्यांचा व मोबाइलचा प्रसार. केनियात २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा त्याचे ठळक उदाहरण. ती चालवणारी सफारीकॉम नैरोबीच्या बाजारातील सर्वांत वजनदार कंपन्यांपैकी आहे. पण अर्थव्यवस्थेची वाढ आणि भागधारकाचा परतावा या दोन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरता येत नाही. जे रिटर या वित्त-अभ्यासकांनी २००५ मध्ये १६ देशांची १९०० ते २००२ या काळातील आकडेवारी तपासली, तेव्हा दरडोई उत्पन्नाची वाढ आणि समभागांचा वास्तव (महागाई वजा जाता उरणारा) परतावा यांचा संबंध चक्क उलटा निघाला. ते देश फ्रंटियर नव्हते हे खरे, पण कारणे इथेही लागू पडतात. वाढीचा लाभ कामगारांना मिळतो, ग्राहकांना मिळतो, बाजारात नोंदणी न झालेल्या उद्योगांना मिळतो. जुन्या भागधारकाच्या वाट्याला उरलेले येते. व्हिएतनामच्या निर्यातीचा मोठा भाग परकीय मालकीच्या कारखान्यांतून जातो. सॅमसंगचे तिथले कारखाने त्यात अग्रभागी आहेत आणि त्यांचे समभाग हो ची मिन्हच्या बाजारात मिळत नाहीत. निर्यातीचा आलेख पाहून तिथला निर्देशांक घेणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात येतात त्या मुख्यतः बँका आणि घरबांधणी कंपन्या.

वैविध्याचा युक्तिवाद : दुसरे म्हणणे अधिक भक्कम आहे. हे बाजार जगाच्या चालीने चालत नाहीत आणि आपापसांतही जुळत नाहीत. ढाक्यात भाव का पडले याचा बुखारेस्टशी काही संबंध नसतो. बर्जर, पुक्थुआनथाँग व यांग यांच्या २०११ मधील अभ्यासात जागतिक बाजाराशी यांचे एकात्मीकरण अगदी थोडे आढळले, आणि म्हणून गुंतवणुकीत त्यांचा समावेश हितकारक ठरला. पुराव्याचा एकूण कल याच बाजूने दिसतो, मात्र एक दुरुस्ती करून. ज्या समभागाचा दिवसेंदिवस सौदाच होत नाही, त्याचा भाव कागदावर स्थिर राहतो. असे शिळे भाव घेऊन मोजले की चढउतार कमी आणि इतरांशी असलेला सहसंबंधही कमी दिसतो. दैनिक आकड्यांऐवजी मासिक वा तिमाही आकडे घेतले तर हा भास बराच ओसरतो.

याचे टोक बांगलादेशात दिसले. तेथील नियामकाने जुलै २०२२ मध्ये प्रत्येक समभागाला किमान भाव ठरवून दिला. बहुतेक समभागांवरील हे बंधन जानेवारी २०२४ मध्ये उठले. मधल्या काळात अनेक समभाग त्या किमान भावावर महिनोन्‌महिने चिकटून होते : विकणारे रांगेत, घेणारा कोणी नाही. निर्देशांकाकडे पाहणाऱ्याला बाजार शांत वाटला असता. पाकिस्ताननेही २००८ मध्ये ऑगस्टअखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत असेच केले होते आणि त्यापायी एमएससीआयच्या उदयोन्मुख वर्गातले स्थान गमावले. जागतिक संकटातही वैविध्याने हात दिला नाही. २००८ मध्ये फ्रंटियर आणि उदयोन्मुख दोन्ही निर्देशांक निम्म्याहून अधिक घसरले. पुढच्या वर्षी उदयोन्मुख बाजार झपाट्याने सावरले, फ्रंटियर खूपच मागे राहिले.

चलन : नायजेरियाचा मुख्य निर्देशांक २०२३ मध्ये नायरा या तेथील चलनात सुमारे ४६ टक्के चढला. त्याच वर्षी जूनमध्ये विनिमय दर मोकळा सोडल्यावर वर्षअखेरपर्यंत नायराची अधिकृत किंमत डॉलरच्या तुलनेत जवळजवळ निम्मी झाली, म्हणजे परदेशी गुंतवणूकदार वर्षाअखेरीस तोट्यात होता. त्याहून जाचक गोष्ट म्हणजे विकलेल्या समभागांचे डॉलर देशाबाहेर नेता येत नव्हते. एफटीएसई रसेलने त्याच सप्टेंबरात नायजेरियाला फ्रंटियर यादीतून वगळले आणि एमएससीआयने पुढच्या वर्षी. कागदावरचा नफा आणि हाती पडणारा नफा यांतले हे अंतर या बाजारांतली सर्वांत मोठी जोखीम आहे, आणि परताव्याच्या तक्त्यांत ते क्वचितच दाखवले जाते.

बढती : वरच्या वर्गात जाण्याआधीच बाजारात शिरावे, म्हणजे मागून येणाऱ्या मोठ्या पैशाचा लाभ होतो, असाही सल्ला दिला जातो. पाकिस्तानच्या बढतीची घोषणा जून २०१६ मध्ये झाली. मे २०१७ मध्ये ती अमलात येण्याच्या सुमारास कराचीचा केएसई-१०० निर्देशांक ५२,००० च्या वर गेला आणि वर्षअखेर ४०,००० च्या आसपास उतरला. फ्रंटियर निर्देशांकात सुमारे ९ टक्के वजन (वाटा) असलेला हा देश उदयोन्मुख निर्देशांकात ०.२ टक्क्यांच्या आसपास उरला. फ्रंटियर फंडांना विकावे लागले. मोठ्या फंडांना इतक्या लहान वजनासाठी घेण्याची निकड नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तान पुन्हा फ्रंटियरमध्ये आला. लाभ झाला तो घोषणा व अंमल यांच्या मधल्या काळात, आणि त्याचाही मुहूर्त साधणाऱ्यांना. संयुक्त अरब अमिराती व कतार २०१४ मध्ये, कुवेत २०२० मध्ये वर गेले; त्यांच्या जाण्याने मागे उरलेला निर्देशांक दर वेळी लहान आणि पातळ झाला.

साधने : एका देशापुरते फंड जुने आहेत. संपूर्ण वर्गासाठी ब्लॅकरॉकने २०१२ मध्ये आणलेला आयशेअर्स फ्रंटियर ईटीएफ (शेअर बाजारात समभागाप्रमाणे घेता-विकता येणारा, निर्देशांकावर आधारलेला फंड) प्रसिद्ध होता. तरलतेच्या सततच्या अडचणी सांगून तो बंद करण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर झाला. दररोज पैसे परत मागता येणारा फंड आणि आठवडा-आठवडा सौदा न होणारे समभाग यांची सांगड बसत नाही. मुदतबंद फंड (ज्यांतून पैसा मधेच परत मागता येत नाही असे) या बाजारांना अधिक मानवतात, कारण त्यात विकणाऱ्याला दुसरा घेणारा शोधावा लागतो. व्यवस्थापकाला घाईने समभाग विकावे लागत नाहीत.

व्हिएतनाम हा सध्या एमएससीआयच्या फ्रंटियर निर्देशांकातील सर्वांत मोठ्या बाजारांपैकी आहे. एफटीएसई रसेलने त्याला दुय्यम उदयोन्मुख (उदयोन्मुखांतील खालच्या) वर्गात नेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. अंमल सप्टेंबर २०२६ पासून, तोही मधल्या आढाव्याच्या अटीवर. एमएससीआयने त्या वेळी त्याला फ्रंटियरमध्येच ठेवले होते.