दाबसंवेदक व डेटालॉगर यांतील डिजिटल संवाद (कोकण किनारा)

नदी, खाडी किंवा विहिरीत सोडलेला दाबसंवेदक (प्रेशर सेन्सर) आणि काठावरच्या पेटीतला डेटालॉगर (नोंदी साठवणारे यंत्र) यांच्यात तारेवरून होणारी आकड्यांची देवाणघेवाण. गोड्या पाण्याचा १ मीटर उंच स्तंभ सुमारे ९.८ किलोपास्कल दाब देतो. त्यावरून पातळी निघते.

जुन्या पद्धतीत ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह हेच माप असे. जोडात ओल शिरून प्रवाह गळू लागला तरी आकडा येतच राही, फक्त चुकीचा. जून ते सप्टेंबर कोकणात हा धोका कायमचा. डिजिटल पद्धतीत मोजमाप संवेदकातच होते आणि तारेवरून तयार आकडा येतो. तार बिघडली तर बहुधा उत्तरच येत नाही, आणि तेच बरे.

एसडीआय-१२ ही जलमापनात रुळलेली पद्धत १९८८ पासूनची. तीन तारा (१२ व्होल्ट, भूतार, संदेश), वेग १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट). लॉगर संवेदकाला त्याच्या क्रमांकाने हाक मारून मोजमाप सांगतो. ‘००१३’ असे उत्तर ० क्रमांकाच्या संवेदकाच्या नावापुढे आले, तर अर्थ असा: १ सेकंदात (पहिले तीन अंक, ००१) ३ मूल्ये (शेवटचा अंक) तयार होतील. मग लॉगर ती मागून घेतो. एरवी संवेदक झोपलेला असतो. सूर्य दिवसेंदिवस न दिसणाऱ्या आषाढात सौरपट्टीवरच्या बॅटरीला ही बचत मोलाची. केबल मात्र साधारण ६० मीटरपर्यंतच.

लांबच्या पुलासाठी किंवा जेट्टीसाठी आरएस-४८५ (लांब अंतरासाठीची तारजोडणी) तारेवर मॉडबस (संदेशांची ठरलेली भाषा) वापरतात. ही जोडणी कमी वेगात १२०० मीटरपर्यंत चालते आणि प्रत्येक संदेशासोबत, तो वाटेत बिघडला का हे पडताळणारा तपासणी-अंक येतो. दशांशातले मूल्य बहुधा दोन रजिस्टरांत (आकडे ठेवायच्या खणांत) विभागलेले असते. त्यांचा क्रम उलटा वाचला तर तपासणी बिनचूक पार पडूनही पातळी अशक्य दिसते. नव्या जोडणीत पहिला संशय इथेच घ्यावा.

बिनचूक पोहोचलेला आकडा बरोबर असतोच असे नाही. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे २.५ टक्के जड. वाशिष्ठीच्या दाभोळ खाडीसारख्या ठिकाणी मे महिन्यात खारे आणि पुरात गोडे पाणी एकाच संवेदकावर येते. ५ मीटर खोलीवर फरक १२ सेंटिमीटरच्या आसपास पडतो. म्हणून पातळीबरोबर मूळ दाब आणि जमल्यास क्षारताही साठवावी. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर अशा नोंदींची गरज वेगळी सांगायला नको. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी परतते, त्यामुळे दिवसातून एकदा काठावरची पातळीपट्टी वाचून भागत नाही.

हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर पातळीत १ सेंटिमीटरचा भास होतो. तो वगळण्यासाठी केबलमधून बारीक वायुनलिका वर आणतात. तिच्या तोंडाशी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची डबी असते. कोकणातल्या दमट हवेत ती लवकर निकामी होते, म्हणून पावसाळ्याआधी बदलावी लागते. दुसरा उपाय म्हणजे वायुनलिका नसलेला सीलबंद संवेदक वापरून हवेचा दाब काठावर दुसऱ्या लॉगरने वेगळा मोजणे. तेव्हा दोन्ही लॉगरांची घड्याळे जुळलेली असणे आवश्यक असते.