डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड

स्कॉटलंडच्या सखल भागातील सहा धान्य-व्हिस्की उत्पादकांनी १८७७ मध्ये एकत्र येऊन स्थापन केलेली आणि पुढे शतकभर स्कॉच व्हिस्कीच्या धंद्यावर वर्चस्व राखणारी कंपनी. मुख्यालय एडिंबरो. पोर्ट डंडस, कार्सब्रिज, कॅमरनब्रिज, ग्लेनोकिल, कॅम्बस व कर्कलिस्टन या तिच्या मूळच्या सहा आसवन्या (मद्य गाळण्याचे कारखाने) होत.

ईनियस कॉफी याने १८३० च्या सुमारास सुधारलेल्या अखंड ऊर्ध्वपातन यंत्रामुळे मका, गहू अशा धान्यांपासून स्वस्त व सौम्य मद्य मुबलक प्रमाणात निघू लागले, आणि १८६० च्या कायद्याने कर भरण्यापूर्वीच ते माल्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या) व्हिस्कीत मिसळण्याची मुभा दिल्यावर मिश्रित व्हिस्कीचा व्यापार फोफावला. मात्र माल उदंड झाला की भाव कोसळत. आपसांत उत्पादन वाटून घेण्याचे या उत्पादकांचे आधीचे करार टिकले नव्हते. म्हणून त्यांनी अखेर भांडवलच एकत्र केले. स्पर्धेला आवर घालणे हा कंपनीचा जन्महेतू होता व तो तिने कधी सोडला नाही.

१८९८ मध्ये एडिंबरोजवळच्या लीथ बंदरातील पॅटिसन बंधूंची उधळी व्हिस्की-पेढी बुडाली आणि अनेक लहान व्यापारी तिच्याबरोबर गेले. कंपनीने मात्र या पडझडीत गोदामे व साठे स्वस्तात घेतले. १९०६ मध्ये लंडनमधील इझ्लिंग्टनच्या न्यायालयाने धान्य-मद्याला व्हिस्की म्हणण्यास हरकत घेतली, तेव्हा कंपनीने कॅम्बसची सात वर्षे मुरवलेली निव्वळ धान्य-व्हिस्कीच जाहिरात करून बाजारात आणली. १९०९ मध्ये या वादावर नेमलेल्या शाही आयोगाचा निर्वाळाही तिच्याच बाजूने आला. या घडामोडींमागे १८७८ मध्ये कारकून म्हणून लागलेला आणि पुढे अध्यक्षपदापर्यंत पोहोचलेला विल्यम रॉस होता. जॉन वॉकर आणि ब्यूकॅनन-ड्यूअर या मिश्रित व्हिस्की बनवणाऱ्या बड्या पेढ्यांचे कंपनीतील १९२५ चे विलीनीकरण त्यानेच घडवले. १९२७ मध्ये व्हाइट हॉर्स ही तशीच पेढीही आत आली. बाटल्यांवर मात्र जुनीच नावे राहिली, त्यामुळे सामान्य गिऱ्हाइकाला मालकाची फारशी ओळख झालीच नाही.

कंपनीचे नाव घरोघरी पोहोचले ते वेगळ्याच, दुःखद कारणाने. कंपनीच्या औषध विभागाने १९५८ पासून ब्रिटनमध्ये थॅलिडोमाइड हे गर्भवतींनाही दिले जाणारे शामक औषध विकले. ते १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले, तोवर अनेक बालके अवयवांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. पुरेशा भरपाईची तडजोड होण्यास १९७३ उजाडले.

सत्तरच्या दशकाअखेरीस मागणी घटली आणि साठे तुंबले. १९८३ मध्ये कंपनीने कार्सब्रिज, ब्रोरा व पोर्ट एलन यांसह ११ आसवन्या बंद केल्या. १९८६ मध्ये गिनेस या बिअर उत्पादक कंपनीने अर्गाइल या किराणा-दुकानांच्या समूहाशी चुरस करून तिचा ताबा मिळवला. त्या वेळी शेअरांचे भाव कृत्रिमरीत्या चढवल्याबद्दल गिनेसचा प्रमुख अर्नेस्ट सॉन्डर्स याला १९९० मध्ये शिक्षा झाली. १९९७ मध्ये गिनेस व ग्रँड मेट्रोपॉलिटन यांच्या विलीनीकरणातून डियाजिओ ही मद्य कंपनी निर्माण झाली. ब्रोरा २०२१ मध्ये व पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. मूळच्या सहांपैकी मात्र केवळ कॅमरनब्रिज चालू आहे.