राजावार मांडलेली नाणी आणि भारतातले रोमन निधी : पार्श्वभूमी

भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवरचे कुठलेही जुने पुस्तक उघडा, एक विधान हमखास भेटते. रोमचे पहिले दोन सम्राट ऑगस्टस आणि तिबेरियस यांच्या काळात रोमशी व्यापार शिखरावर होता आणि नीरोनंतर तो ओसरला, हे ते विधान. ते कुठून आले आणि आता का टिकत नाही, हे समजून घ्यायचे तर मोसमी वारे आणि मिरी जरा बाजूला ठेवून नाणी गोळा करणाऱ्यांच्या सवयींकडे पाहावे लागते.

रोमन नाण्यांचा संग्रह करण्याचा छंद रोमइतकाच जुना. खुद्द ऑगस्टस सणावारी जुनी आणि परदेशी नाणी भेट देत असे, अशी नोंद आहे. पुढे १३५४ मध्ये एका इटालियन कवीने रोमन सम्राटांची काही सोन्या-चांदीची नाणी त्या वेळच्या जर्मन राजाला नजर केली. हेतू असा की, पूर्वजांचे चेहरे पाहून त्याने काही शिकावे. चेहऱ्यांचा हा नाद पुढेही सुटला नाही. युरोपातल्या सरदारांच्या कपाटात खण असत ते राजावार. पहिल्या बारा सीझरांचा संच पुरा करणे ही प्रतिष्ठेची बाब. त्यात ६९ साली जेमतेम तीन महिने गादीवर बसलेला ओथो सगळ्यांना छळायचा, कारण रोमच्या टांकसाळीत त्याच्या नावाची तांब्या-पितळेची नाणी पडलीच नाहीत. गिऱ्हाईक तयार असल्यावर माल येतोच. सोळाव्या शतकात पादुआ शहरात रोमन ब्राँझ नाण्यांच्या इतक्या सुबक नकला तयार झाल्या की आज त्यांचाच वेगळा संग्रह केला जातो. रोमन नाण्यांची विसाव्या शतकातली प्रमाण सूची १९२३ ते १९९४ अशी सत्तर वर्षे दहा खंडांत निघत राहिली. तिचीही मांडणी राजावारच. नाणे ओळखण्यासाठी ही सोय उत्तम आहे. घोटाळा झाला तो तीच सोय इतिहास लिहायला वापरल्यावर.

मद्रास इलाख्याच्या सनदी सेवेतून निवृत्त झालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १९०४ मध्ये भारतातल्या रोमन नाण्यांच्या सगळ्या ज्ञात नोंदी एकत्र केल्या. काम चिकाटीचे होते, त्याबद्दल वाद नाही. कोइम्बतूर, मदुरा, कृष्णेचे खोरे, मलबार अशा ठिकाणचे विखुरलेले कागद त्याने एका निबंधात आणले आणि नाण्यांची पाच कालखंडांत वाटणी केली : ऑगस्टसच्या आधीचा, ऑगस्टस ते नीरो, नीरोनंतर काराकालापर्यंत, त्यानंतरचा पडता काळ आणि शेवटी बायझंटाईन. दुसऱ्या खंडात नाण्यांचा ढीग, तिसऱ्यात तुरळक. त्यावरून निष्कर्ष असा निघाला की, नीरोपर्यंत रोमची श्रीमंती मिरी, रत्ने आणि अत्तरांवर उधळत होती. पुढे सम्राट व्हेस्पेसियनच्या काटकसरीत ती उधळपट्टी थांबली. पुढची पन्नास-साठ वर्षे हे गणित फारसे कुणी तपासले नाही. पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला १९४५ मध्ये झालेल्या उत्खननानंतर तर ते अधिकच घट्ट झाले. १९५० च्या दशकात ६८ ठिकाणांची यादी झाली. त्यांपैकी ५७ विंध्याच्या दक्षिणेला. आकडे बदलले, पण खण तेच राहिले.

खणांमध्ये नेमके काय होते, तेही पाहू. भारतात सापडलेले चांदीचे दिनारियस बहुतांशी दोनच प्रकारांचे आहेत. एकावर ऑगस्टसचा मुखवटा आणि मागे ढाल-भाले घेतलेले त्याचे दोन नातू, गायस आणि लुसियस. दुसऱ्यावर तिबेरियसचा मुखवटा आणि मागे आसनावर बसलेली स्त्री. आजच्या फ्रान्समधल्या लिओंच्या टांकसाळीतून ही दोन्ही नाणी अमाप निघाली. तेलंगणातल्या अक्कनपल्लेला दीड हजारांवर दिनारियस एका जागी मिळाले, त्यांतही याच दोघांचा भरणा. दुर्मीळतेच्या बाजारात तिबेरियसच्या या नाण्याला फारसा मान नाही. बायबलातल्या कराच्या नाण्याच्या गोष्टीशी जोडले गेल्यामुळे मागणी मात्र टिकून आहे.

आता मूळ प्रश्न. नाण्यावर तिबेरियस आहे म्हणून ते तिबेरियसच्या काळात भारतात आले, हे कशावरून?

इ.स. ६४ मध्ये नीरोने चांदीचे आणि सोन्याचे अशी दोन्ही नाणी हलकी केली. आधी एक रोमन पौंड चांदीत ८४ दिनारियस पडत, ते ९६ पडू लागले. म्हणजे वजन सुमारे ३.९ ग्रॅमवरून ३.४ वर आले. चांदीचा कसही उतरला. सोन्याच्या ऑरियसचे पौंडाला साधारण ४० ऐवजी ४५ झाले. साम्राज्याच्या आत याने विशेष बिघडले नाही, कारण तिथे २५ दिनारियसचा एक ऑरियस हा दर सरकारी होता आणि सरकारच कर म्हणून तेच नाणे परत घेत होते. हिंदी महासागराच्या या बाजूला रोमचा हुकूम चालत नव्हता. इथला सराफ नाणे तोलणार, कस लावणार आणि कमी भरले की बट्टा लावणार. मग मिरी विकत घ्यायला निघालेला व्यापारी नवे हलके नाणे कशाला आणील? जुनी भारी नाणी निवडून आणील. शिवाय इजिप्तचे चलन वेगळे होते. तिथे रोजच्या व्यवहारात दिनारियस चालत नसे, आणि भारताकडे येणारी जहाजे तर इजिप्तच्याच बंदरांतून सुटत. म्हणजे भारतात आलेले दिनारियस हा कुणाच्या कमरेचा सुटा खुर्दा नव्हे; चांदीचा माल म्हणून मुद्दाम बांधून आणलेला ऐवज होता तो. रोमन लेखक प्लिनीने दिलेली लंकेच्या राजाची हकीकत इथे चपखल बसते : नाण्यांवरचे चेहरे वेगवेगळे आणि तरी वजन सारखे, हे पाहून तो राजा रोमनांच्या सचोटीवर खूश झाला. वजन पाहणारा माणूस ६४ नंतरची नाणी पाहून खूश होणार नव्हता.

जुनी नाणी तेव्हा उपलब्ध होती का, अशी शंका घेतली जाते. होती. मार्क अँटनीने इ.स.पूर्व ३२-३१ मध्ये सैन्यासाठी पाडलेली हलक्या कसाची चांदीची नाणी साम्राज्यात दोनशे वर्षांनंतरही फिरत होती. गुळगुळीत झालेली ती नाणी तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या साठ्यांतही सापडतात. चांगल्या कसाची नाणी लोक दाबून ठेवतात, म्हणून ती आधी आटली, पण तीही एका दिवसात नाही. इ.स. १०७ च्या सुमारास त्रायानने जुनी झिजलेली नाणी वितळवायला घेतली, तोवर ती गोळा करणे शक्य होते. भारतातली रोमन चांदी आटते ती बहुधा या सुमारास. सोने मात्र पुढेही येत राहिले. अँटोनायनस पायस आणि सेप्टिमियस सेव्हरस यांचे ऑरियस दक्षिणेत सापडलेच आहेत.

नाण्यावरचा राजा आणि नाण्याचा काळ यांची फारकत हा अपवाद मानण्याचे तर आपल्याला कारणच नाही. ‘पेरिप्लस’ हा हिंदी महासागरातल्या व्यापाराची माहिती देणारा ग्रीक ग्रंथ पहिल्या शतकाच्या मध्याचा. त्यात लिहिले आहे की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्रम्म अजून चालतात. हे दोघे राजे त्याआधी शतकभराहून जास्त काळ मागे होऊन गेलेले. पेशवाईतला अंकुशी रुपया मोगल बादशहाच्या नावाने पडत होता. तेवढ्यावरून पुण्यावर बादशहाचा अंमल होता, असे कुणी म्हणत नाही. मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली, पण तिचा चांदीचा डॉलर अरबस्तानात आणि इथिओपियात इतका मुरला होता की तेच साल घालून तो पुढे पाडला जात राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर मुंबईच्या टांकसाळीतही पडला. १९०४ च्या रीतीने मांडणी केली तर हा सगळा व्यापार १७८० मध्येच उरकला असे ठरेल. कोइम्बतूरच्या बाजारात ऑगस्टस-तिबेरियसच्या दोन ओळखीच्या छापांवर असाच विश्वास बसला असावा, हे मत मला सर्वांत पटण्यासारखे वाटते.

१९८५ मध्ये एक पपायरस प्रसिद्ध झाला आणि वादाचे पारडे झुकले. दुसऱ्या शतकाच्या मध्याचा हा कागद केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदराच्या व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाशी संबंधित आहे. त्याच्या मागच्या बाजूला ‘हर्मापोलोन’ नावाच्या जहाजावरचा जटामांसी, हस्तिदंत, कापड असा माल आणि त्याची किंमत मांडलेली आहे. बेरीज सुमारे ७० लाख सेस्टर्स (चार सेस्टर्सचा एक दिनारियस). साम्राज्यातून दरसाल ५ कोटी सेस्टर्स भारतात जातात ही प्लिनीची तक्रार सगळ्यांना पाठ असते. त्याच्या शेजारी एका जहाजाचा हा आकडा ठेवला की दुसऱ्या शतकात व्यापार ओसरला होता असे म्हणण्याची सोय राहत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या नव्या याद्यांत निधीतल्या, म्हणजे एकत्र पुरलेल्या साठ्यातल्या, शेवटच्या नाण्याची तारीख, झीज आणि वजन यांना महत्त्व आले.

नीरोनंतर नाण्यांची आवक खरोखरच कमी झाली असे मानणारे आजही आहेत. दुसऱ्या शतकातले सोने पहिल्या शतकाइतके सापडत नाही, एवढे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण नाण्यांऐवजी लगडी, मद्य, काच आणि प्रवाळ देऊनही माल घेता येत होता, म्हणून नाणी घटली की व्यापार घटला हे आपोआप ठरत नाही.

दुसरा वाद छिन्नीच्या घावाचा. १८९८ मध्ये पुदुकोट्टै संस्थानात ५०१ ऑरियस मिळाले. शेवटचे नाणे व्हेस्पेसियनचे. त्यांतल्या बहुतेकांच्या दर्शनी बाजूला, थेट सम्राटाच्या डोक्यावर, आडवा घाव आहे. आत तांबे आहे का हे पाहण्यासाठी घाव घातला, असा एक तर्क. पण तेवढ्यासाठी काठावर एक टोचा पुरला असता. रोमची सत्ता नाकारण्यासाठी, असे दुसरे मत. नाणे चलनातून बाद करून निव्वळ सोने म्हणून ठेवले, हे तिसरे मत जास्त व्यवहारी आहे. बाजारात मात्र घाव बसलेल्या नाण्याची किंमत उतरते. त्या नाण्यावर भारतात घडलेली एकमेव गोष्ट म्हणजे तो घाव, पण संग्राहकाच्या प्रतवारीत तो दोष म्हणून नोंदला जातो.

महाराष्ट्रात आले की चित्र पालटते. तेर, पैठण, कल्याण, चौल ही नावे पेरिप्लसमध्ये आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत ब्राँझचा पोसायडन निघाला. तरी रोमन नाणी इथे विरळाच. सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळच्या सोन्याच्या नाण्यांसारख्या नोंदी मोजक्या. कारण बहुधा टांकसाळीत आहे. पेरिप्लस सांगतो की कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. भडोच होते क्षहरात घराण्याचा क्षत्रप नहपान याच्याकडे, आणि त्या बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी देशी नाण्यांशी बदलून नफा होत असे. ही चांदी वितळून क्षहरातांचे नाणे झाली असावी, असा तर्क आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपले छाप मारलेले. नहपानाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत. त्याखालची चांदी कुठल्या खाणीची, हे शिशाच्या समस्थानिकांवरून तपासता येते. तिबेरियसच्या मुखवट्यापेक्षा हा पुरावा बोलका ठरेल.

तेर आणि तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळतात. त्या चलनासाठी नव्हत्याच, गळ्यात घालण्यासाठी होत्या. कर्नाटकातल्या अक्की आलूरच्या निधीतल्या उत्तरकालीन सोन्याच्या नाण्यांना मुखवट्याच्या वर दोन भोके आहेत, म्हणजे ओवल्यावर चेहरा सरळ राहावा. पुढे व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याचेही असेच झाले. आपल्याकडे त्याची पुतळी झाली आणि पुतळ्यांची माळ झाली. या प्रतिकृतींना यादीत ‘बनावट’ म्हणण्याची पद्धत हळूहळू सुटते आहे.

निधीचा अभ्यास निधी अखंड असेल तरच होतो, आणि तिथेच सगळी अडचण आहे. मलबारातल्या कोट्टयमला १८४७ मध्ये मिळालेली सोन्याची नाणी पाच हमालांचे ओझे भरतील एवढी होती म्हणतात. त्यांतली बरीचशी नोंद होण्याआधीच पांगली. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचा ऐवज सापडला की कलेक्टरला कळवणे बंधनकारक केले. तो ऐवज एकत्र ठेवण्याची सक्ती मात्र त्यात नव्हती. मग ‘दुबार’ ठरलेली नाणी वेगवेगळ्या संग्रहालयांत वाटली गेली. एकाच छापाचे दोनशे तिबेरियस असले की एक-दोन नमुने ठेवून बाकीची देऊन टाकायची, ही राजावार खणांचीच रीत. ते दोनशे एकत्र तोलता आले असते तर साठा कधीचा हे सांगता आले असते. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे देशाबाहेर नेता येत नाही. करूरजवळच्या अमरावती नदीच्या वाळूत चाळणीने वेचलेली चौथ्या-पाचव्या शतकातली तांब्याची रोमन नाणी मात्र सुटी-सुटीच विकली गेली, आणि ती कुठल्या थरातली हे विचारायला आता जागा नाही.