अ‍ॅक्रिलिक कापताना तडा का जातो?

गेल्या वर्षी गणपतीच्या मखरासाठी ३ मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक शीट आणली, सगळी नीट कापून झाली आणि शेवटचं वायरचं भोक पाडताना ड्रिल पलीकडं निघता निघता टक् असा आवाज आला, भोकापासून चार बोटं लांब तडा. लई वाईट वाटलं, मग याच्या मागं लागलो.

आमच्या सांगलीच्या कापडपेठेत दुकानदार कापड देताना बघा, कडेला कात्रीनं बारीक काप देतो आणि मग नुसत्या हातानं टर्रकन फाडतो. काप नसेल तर ओढ सगळ्या कापडावर वाटली जाते, काप दिला की ती त्याच्या टोकावर गोळा होते. काच, अ‍ॅक्रिलिक असले कडक पदार्थ बारीक चिरांपासूनच फुटतात हे ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरनं १९२१ साली काचेवर प्रयोग करून मांडलं होतं.

मग हीच चीर आपल्याला पाहिजे तिथं पाडायची. ३ मिलिमीटरपर्यंतच्या शीटला स्टीलची पट्टी धरून प्लास्टिक कापायच्या कटरनं एकाच दिशेनं आठ-दहा वेळा चरा मारायचा, साधारण एक तृतीयांश जाडीपर्यंत. चरा या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलाच पाहिजे, मध्येच सोडला तर पुढं तडा मनाला येईल तसा पळतो. मग चरा वर ठेवून टेबलाच्या कडेवर धरायचं आणि बाहेरचा भाग एका दमात खाली दाबायचा, चिक्कीला रेघा मारून वड्या मोडतो तसंच.

जाड शीटला करवत लागते आणि तिथं खरा त्रास उष्णतेचा. अ‍ॅक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उष्णता पुढं जाऊच देत नाही, त्यामुळं ब्लेडजवळचा भुसा वितळतो, कापलेली फट मागनं परत चिकटते, ब्लेड अडकतं, झटका बसतो आणि शीट जाते. म्हणून बारीक दातांचं ब्लेड, कमी स्पीड, मध्ये मध्ये थांबणं आणि शीट कापायच्या रेघेजवळच क्लॅम्पनं घट्ट आवळणं. शीटवर चिकटवून आलेली फिल्म काढू नका, डोळ्यांवर चष्मा पाहिजेच.

ड्रिलला माझी चूक ही की खाली लाकूड नव्हतं. शिवाय लोखंडाला भोक पाडायच्या बिटची धार अ‍ॅक्रिलिकमध्ये घुसून त्याला ओढते, ती दगडावर थोडी बोथट करून घ्यायची आणि शेवटचा मिलिमीटर अगदी हळू. आतला काटकोन कापायचा असेल तर कोपऱ्यात आधी भोक पाडा, गोलाईवर ताण पसरतो. स्क्रूचं भोकही थोडं मोठंच ठेवा, कारण १ मीटरची शीट २५ अंशांच्या फरकात पावणेदोन मिलिमीटर वाढते आणि आपल्याकडं थंडीतली पहाट ते मे महिन्यातली दुपार एवढा फरक सहज पडतो.

कापलेली कड थिनर किंवा स्पिरिटनं पुसू नका, कापताना आत ताण राहिलेला असतो, तिथं स्पिरिट शिरलं की जाळीसारख्या बारीक चिरा येतात, कधी कधी दोन दिवसांनी. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बास.

आणि गेलेल्या तड्याच्या टोकाला बरोबर एक छोटं भोक पाडायचं, टोकच गोल झालं की ताण गोळा व्हायला जागा राहत नाही. मखराचा तडा त्या भोकापाशी आहे तसाच थांबलाय.