८३ मिनिटांची एकच रचना: पार्श्वभूमी

मेटल ऐकणाऱ्यांना डूमची, म्हणजे मेटलमधल्या संथ आणि जड शैलीची, ओळख नव्याने करून द्यायला नको. १९७० साली बर्मिंगहॅममध्ये पाया पडला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये त्यातून आणखी संथ, शोकाकुल असं फ्युनरल डूम निघालं, एवढं पुरे. आपल्याकडे सांगली-मिरजेत वाद रंगतो तो सिॲटलच्या ‘बेल विच’ या जोडीवरून. २०१७ साली त्यांनी ‘मिरर रीपर’ हा अख्खा अल्बम एकाच रचनेचा केला, ८३ मिनिटांचा. तो न तोडता एकसंध ठेवला हे बरोबर की चूक, हा तो वाद.

ही जोडी २०१० सालची. एक ड्रम्सवर, दुसरा सहा तारांच्या बेसवर, गिटार नाहीच. बेसवाला दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून खर्ज आणि वरची धून एकदमच काढतो. एकेक स्वर पुढचा ठोका पडेपर्यंत विरत जाताना ऐकू येतो. २०१५ च्या अल्बममध्ये चार रचना होत्या, मिळून ६६ मिनिटं. पुढे मूळ ड्रमर बाहेर पडला आणि मे २०१६ मध्ये वारला. त्याच्या आवाजाचं न वापरलेलं जुनं रेकॉर्डिंग उरलं होतं, ते या नव्या रचनेत बसवलं.

आक्षेप असा, की रचनेच्या दोन भागांना वेगळी नावं आहेत, मग ट्रॅक दोन का केले नाहीत? आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात, सीडीत जेमतेम ऐंशी. म्हणजे हातात घेण्याजोग्या प्रतीत तुकडे पडणारच. पण तो नाइलाज झाला. रचनाच तोडायची तर मेलेल्या मित्राचा आवाज ज्या ओघात येतो तो ओघच जातो, आणि मग त्या आवाजाला तिथे असायचं कारण उरत नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘स्लीप’ या त्रिकुटाची तासाभराची रचना १९९६ च्या सुमारास कंपनीने काढायला नकार दिला होता. १९९९ साली ती बावन्न मिनिटांची होऊन आली, पूर्ण लांबीची यायला २००३ उजाडलं. दोन्ही ऐकून बघा.

मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. किराणा घराण्याचे जे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथे स्थायिक झाले आणि १९३७ साली गेले, त्यांच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत राग उरकावा लागे. गाणं अस्सलच, पण विलंबिताची बढत, म्हणजे संथ लयीतला रागाचा विस्तार, त्यात मावणार कशी? तिथे किती गायचं ते तबकडीने ठरवलं. सिॲटलच्या दोघांनी ते स्वतः ठरवलं, आणि माझ्या मते बरोबर ठरवलं.

२०२३ साली त्यांनी पुन्हा ८३ मिनिटांचीच एक रचना काढली. तीन भागांच्या कामातला हा पहिला भाग. तिसऱ्याचा शेवट पहिल्याच्या सुरुवातीला जुळावा, अशी त्याची आखणी आहे.