मंडळाची सरासरी की शेतांची टक्केवारी?

सोयाबीनची काढणी आटोपली, की पीक विम्याच्या भरपाईवरून एक वाद हमखास उभा राहतो. महसूल मंडळाचं, म्हणजे काही गावांच्या गटाचं, सरासरी उत्पादन ठरलेल्या पातळीच्या (उंबरठ्याच्या) खाली गेलं तरच ही भरपाई मिळते. "मंडळातल्या निम्म्याहून जास्त शेतांत उंबरठ्याखाली पिकलं, मग भरपाई शून्य कशी?" असं विचारणारा शेतकरी खोटं बोलत नसतो. "मंडळाचं उत्पादन उंबरठ्याच्या वर आहे" असं सांगणारा अधिकारीही खोटं बोलत नसतो. एक जण टक्केवारीबद्दल बोलतोय, दुसरा सरासरीबद्दल. दोन्ही अंदाज त्याच कापणीतून निघतात, दोन्हींना ‘९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल’ लावता येतो आणि सूत्रंही वरवर सारखीच दिसतात. घोटाळा तिथेच होतो.

आधी कापणी कशी होते ते बघू. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत विमा क्षेत्र महसूल मंडळ असेल, तर प्रमुख पिकासाठी तिथे किमान १० पीक कापणी प्रयोग करायचे असतात. गाव, सर्व्हे नंबर आणि शेतातला प्लॉट हे सगळं रँडम पद्धतीने निवडतात. प्लॉट अनेक पिकांसाठी १० बाय ५ मीटरचा, म्हणजे ५० चौरस मीटर. तिथल्या मालाचं वजन २०० ने गुणलं, की हेक्टरी उत्पादन मिळतं. साडेचार किलो भरले तर हेक्टरी ९ क्विंटल. वजनकाट्यावरचा अर्धा किलो म्हणजे कागदावरचा एक क्विंटल, हे लक्षात असू द्या.

आता समजुतीसाठी एक काल्पनिक मंडळ घेऊ. उंबरठा उत्पादन हेक्टरी ९ क्विंटल. दहा प्लॉटांचे आकडे असे: ५, ६, ७, ७, ८, ८, १०, १२, १४, १५. बेरीज ९२, सरासरी ९.२. ती उंबरठ्याच्या वर आहे, म्हणून भरपाई शून्य. पण दहापैकी सहा प्लॉट ९ च्या खाली आहेत, म्हणजे ६० टक्के. दोघांचंही खरं.

पण हे दोन्ही आकडे दहा प्लॉटांचे आहेत, मंडळाचे नाहीत. मंडळातल्या सगळ्या सोयाबीनची खरी सरासरी कोणी मोजलेली नाही, खरी टक्केवारीही नाही. दहा प्लॉट दुसरे निघाले असते तर आकडे बदलले असते. किती बदलले असते, याचा अंदाज म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, पुढे त्याला अंतराल म्हणू.

सरासरीसाठी आधी आकड्यांची पांगापांग मोजावी लागते. आपल्या दहा आकड्यांचं प्रमाण विचलन ३.४ क्विंटल येतं. त्याला १० च्या वर्गमुळाने भागलं की १.०८ मिळते, ही सरासरीची प्रमाण त्रुटी. ती २.२६ ने (हा आकडा कुठून आला ते पुढे येईल) गुणली की साधारण २.४५. म्हणून अंतराल ६.७५ ते ११.६५ क्विंटल.

हे नीट बघा. खरी सरासरी ६.७५ असती तर (९ − ६.७५) ÷ ९, म्हणजे विमा रकमेच्या २५ टक्के भरपाई मिळाली असती. ११.६५ असती तर काहीच नाही. या अख्ख्या पट्ट्यातून भरपाईच्या हिशोबाला फक्त मधला ९.२ लागतो. १२ क्विंटलच्या प्लॉटऐवजी ९ क्विंटलचा प्लॉट निघाला असता तर सरासरी ८.९ झाली असती आणि भरपाई सुरू झाली असती, भले १.१ टक्काच का होईना. एका ५० चौरस मीटरच्या तुकड्याने आख्खं मंडळ रेषेच्या अलीकडून पलीकडे जातं. आणि ही रेषा तरी कुठे दगडावर कोरलेली आहे? उंबरठा उत्पादन मागच्या सात वर्षांतल्या पाच चांगल्या वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने, म्हणजे त्यातला किती टक्के भाग विम्याने झाकायचा त्या प्रमाणाने, गुणून काढतात. त्या सरासऱ्याही अशाच कापण्यांतून आलेल्या, म्हणजे त्यांनाही आपापली त्रुटी आहेच.

हा अंतराल शेतकऱ्यांच्या उत्पादनाचा नाही, हेही इथेच सांगायला हवं. ६.७५ ते ११.६५ म्हणजे ‘९५ टक्के शेतं यात बसतात’ असं अनेक जण वाचतात. आपल्याच दहांपैकी पाच प्लॉट या पट्ट्याबाहेर आहेत. पट्टा आहे तो सरासरीचा. ९५ टक्के खात्रीही या एका पट्ट्याची नाही. संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या अर्थाने ती पद्धतीची आहे: पुन्हा पुन्हा नमुने घेऊन असेच पट्टे काढत गेलो, तर शंभरातले साधारण ९५ खऱ्या सरासरीला पोटात घेतील.

आता टक्केवारी. उंबरठ्याखालच्या प्लॉटला १ आणि बाकीच्यांना ० लिहा. या शून्य-एकांची सरासरी ०.६, म्हणजेच ६० टक्के. टक्केवारी ही मुळात सरासरीच आहे, म्हणून सूत्रंही सारखी वाटतात. फरक आहे तो पांगापांग कुठून आणायची यात. क्विंटलच्या आकड्यांत सरासरी ९.२ कळली तरी आकडे किती पांगलेत ते कळत नाही. सगळे ९ च्या आसपास असतील किंवा निम्मे ३ च्या आणि निम्मे १५ च्या आसपास असतील. शून्य-एकांत मात्र ०.६ कळलं की सगळं कळलं, कारण सहा एक आणि चार शून्य याशिवाय दुसरी मांडणीच शक्य नाही. विचलन ०.६ गुणिले ०.४ च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे ०.४९. टक्केवारी आपली पांगापांग स्वतःसोबत घेऊन येते, सरासरीला ती वेगळी शोधावी लागते. माझ्या मते या दोन अंतरालांमधले बाकीचे बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात.

वर २.२६ कुठून आला, त्याचं उत्तरही यातच आहे. टक्केवारीच्या सूत्रात २.२६ च्या जागी १.९६ असतो, तोच सरासरीला का लावला नाही? कारण ३.४ हे विचलनही त्याच दहा प्लॉटांतून काढलेलं, म्हणजे तोही एक अंदाजच. अंदाजावर अंदाज रचला की पट्टा थोडा रुंद धरावा लागतो. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये नेमका हा प्रश्न सोडवला. छोट्या नमुन्यांची अडचण दारूभट्टीतून पुढे आली, गणिताच्या वर्गातून नव्हे, याचं मला अजून अप्रूप वाटतं. नमुना मोठा झाला की २.२६ खाली येत येत १.९६ ला टेकतो आणि फरक नावापुरता उरतो.

टक्केवारीचं नेहमीचं पाठ्यपुस्तकी सूत्र आपल्या सहा प्लॉटांना लावलं तर ३० ते ९० टक्के येतं. एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये सुचवलेली पद्धत वापरली तर ३१ ते ८३. इतक्या छोट्या नमुन्यात दुसरी जास्त भरवशाची. पण कोणतीही घ्या, ‘निम्म्याहून जास्त शेतांत कमी पिकलं’ हे वाक्य दहा प्लॉटांवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. खरा आकडा एकतृतीयांशही असू शकतो.

टक्केवारीचा अंतराल इतका बेकार का आला? कारण आपण माहिती फेकून दिली. काट्यावर ५ आणि ८ असे वेगवेगळे आकडे होते, आपण दोघांनाही ‘खाली’ एवढाच शेरा दिला. हो-नाहीच्या प्रश्नाला मोजमापाच्या प्रश्नापेक्षा जास्त नमुना लागतो. सरासरी एक क्विंटल इकडेतिकडे हवी असेल, तर याच पांगापांगीत साधारण ४५ प्लॉट पुरतात. टक्केवारी १० अंकांच्या आत हवी तर ९७ लागतात. तीन अंकांच्या आत हवी तर १,०६८. निवडणुकीच्या सर्वेक्षणांत हजाराच्या आसपासचा आकडा वारंवार दिसतो तो यामुळे. तिथे मतदार लाखभर आहेत की कोटीभर, याने जवळपास फरक पडत नाही.

मात्र टक्केवारीची एक सोय आहे. काहीच माहीत नसलं तरी पांगापांग जास्तीत जास्त किती असेल हे आधीच ठाऊक असतं: ५०-५० असताना ०.५. म्हणून हे १,०६८ घरबसल्या काढता येतात. सरासरीचे ४५ काढायला ३.४ कोणीतरी आधी सांगायला हवं. त्यासाठी छोटी चाचणी कापणी करा, नाहीतर मागच्या वर्षांचे आकडे घ्या. १९३७ पासून बंगालमधल्या तागाच्या पाहणीत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी आधी लहान प्रमाणावर चाचपणी करून मग पाहणी वाढवत नेली, त्यामागे हाच हिशोब होता.

पण टक्केवारी हट्टी आहे, आणि कधीकधी तो हट्ट कामाचा ठरतो. १५ क्विंटलचा प्लॉट ठिबकवाल्या शेतात पडला आणि ३० निघाला असं धरा. सरासरी ९.२ वरून १०.७ वर जाते, अंतराल फुगून ५.५ ते १५.९ होतो. टक्केवारी तिथेच, दहात सहा. म्हणून जमीनधारणा किंवा उत्पन्न अशा एका बाजूला लांब शेपूट असलेल्या गोष्टींत, नमुना लहान असताना, मी सरासरीच्या अंतरालाकडे संशयानेच बघतो. टक्केवारीची दुखरी जागा दुसरीच: टोकं. दहापैकी एकाही प्लॉटात रोग दिसला नाही, तर नेहमीचं सूत्र म्हणतं शून्य ते शून्य, म्हणजे मंडळात रोग नाहीच, आणि तेही पक्कं! विल्सन पद्धत शून्य ते २८ टक्के सांगते, आणि दहा प्लॉट बघून त्याहून जास्त कोणाला काय कळणार?

गावं धरून नमुना घेतला तर दोन्ही अंतराल रुंद होतात. एकाच गावातल्या दोन शेतांवर पाऊस सारखाच पडतो, त्यामुळे दुसरा प्लॉट पूर्ण नवी माहिती देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) एकेका गावातून किंवा वस्तीतून २२ घरं घेतली होती. तिथल्या टक्केवारीला साधं सूत्र लावलं तर पट्टा खोटा अरुंद दिसतो. म्हणून त्या अहवालात प्रमाण त्रुटी वेगळ्या हिशोबाने देतात.

एक गोष्ट मात्र दोन्ही अंतरालांना दिसत नाही: मोजणीतली एकाच बाजूला झुकणारी चूक. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे लंडनहून शिकून आल्यावर १९४० च्या दशकात पीक कापणीच्या पद्धतीवर काम करत होते. महालनोबिस छोट्या प्लॉटांच्या बाजूचे होते, सुखात्मे मोठ्या. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवलं, की छोट्या प्लॉटात उत्पादन फुगून येतं. प्लॉट लहान असला की क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त, आणि रेषेवरची रोपं आत ओढण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. असे छोटे प्लॉट दहाऐवजी हजार कापले तर अंतराल सुरेख अरुंद होईल, फक्त फुगलेल्या आकड्याभोवती.

अशी चूक सरासरी आणि टक्केवारी या दोघींना वेगवेगळ्या तऱ्हेने बाधते. प्रत्येक प्लॉटात १०० ग्रॅम जास्त आले, तर प्रत्येक आकडा ०.२ क्विंटलने वाढतो आणि सरासरीही तेवढीच, ९.४. आपल्या मंडळात टक्केवारी मात्र जागची हलत नाही, कारण ८ चे ८.२ झाले तरी ते ९ च्या खालीच. उलट एकच प्लॉट ४ किलो ४५० ग्रॅमचा असता आणि त्यात १०० ग्रॅमची चूक झाली असती, तर सरासरी ०.०२ ने सरकली असती आणि टक्केवारी एकदम दहा अंकांनी.