काटा हलला नाही, तरी यकृतातली चरबी उतरते

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात थोडी चरबी साठल्याचं आलं की डॉक्टर वजन कमी करायला सांगतात. माणूस रोज चालायला लागतो, महिन्याभराने वजनकाट्यावर उभा राहतो, काटा जागचा हललेला नसतो. मग चालणंही बंद पडतं.

व्यायामाचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासणारे सिडनी विद्यापीठाचे नेथन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १९ लठ्ठ, बैठ्या सवयीच्या माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सायकल चालवणाऱ्या गटाची यकृतातली चरबी त्यांनी सुई न टोचता, चुंबकीय तंत्राने आधी आणि नंतर मोजली. चार आठवड्यांत वजन होतं तेवढंच राहिलं, यकृतातली चरबी मात्र २१ टक्क्यांनी उतरली. एवढ्याशा प्रयोगावर भिस्त ठेवू नये, हे खरंच. पण इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांच्या गटाने २०११ मध्ये आठ आठवडे वजनं उचलायला लावली, तेव्हाही वजन न घटता चरबी १३ टक्क्यांनी कमी झाली.

किल्ली स्नायूंकडे आहे. जेवणातून आलेली बरीचशी साखर स्नायूंनी साठवून घ्यायची असते. ते इन्शुलिनला, म्हणजे साखर आत घ्यायला सांगणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासे झाले की ती साखर यकृताकडे वळते आणि यकृत तिची चरबी करत बसतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात, स्नायू असे दाद देईनासे झालेल्या तरुणांकडून फक्त ४५ मिनिटं व्यायाम करवून घेतला आणि मग कर्बोदकांचा भरपूर आहार दिला. स्नायूंनी साखर जास्त उचलली, आणि यकृतात नव्याने बनणारी चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली. तेही एकाच वेळच्या व्यायामाने!

‘मी तर बारीक आहे’ म्हणून आपल्याकडे कुणी निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! येलच्याच गटाला सडपातळ भारतीय पुरुषांच्या यकृतात गोऱ्या पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट चरबी आढळली होती.

वजन घटवणं बिनकामाचं आहे, असा याचा अर्थ नव्हे. यकृताला सूज किंवा व्रण असतील तर सात ते दहा टक्के वजन उतरवण्याचं उद्दिष्ट डॉक्टर देतात, आणि तिथे नुसत्या व्यायामावर भागत नाही. ताटातही बदल करावा लागतो.